दप्तराची किल्ली कोठे ठेवावी?

(डेटाबेसवर चालणाऱ्या प्रोग्रॅममधील परवलीच्या शब्दाचे रक्षण)

पाठाचे उद्देश : (१) संगणकावरील प्रोग्रॅम व त्यामागील डेटाबेस यांची जोडणी कशी होते, हे समजावून घेणे. (२) त्या जोडणीचा परवलीचा शब्द प्रोग्रॅममध्ये लपवून सुरक्षित का राहत नाही, याची कारणे पाहणे. (३) शाळेच्या दप्तरासाठी घेतलेला प्रोग्रॅम पारखताना उपयोगी पडतील असे नियम ध्यानी घेणे.

१. विषयप्रवेश

शाळेच्या दप्तरात जनरल रजिस्टराला जे स्थान आहे, ते दुसऱ्या कोणत्याही वहीला नाही. मूल पहिलीत दाखल झाले की त्याचे नाव, जन्मतारीख, जात व पालकाचे नाव या वहीत उतरते. आणि पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यापासून नोकरीपर्यंत, किंबहुना निवृत्तीपर्यंत, त्या एका ओळीचा आधार त्याला लागतो. म्हणूनच रजिस्टरात खाडाखोड करू नये, सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीवाचून जन्मतारीख बदलू नये, वही कपाटात कुलूपबंद ठेवावी व किल्ली मुख्याध्यापकांपाशी असावी, असा आपला दंडक आहे. कागदावर केलेली खाडाखोड डोळ्यांस दिसते. लबाडी करू पाहणाऱ्यास तोही एक धाक असतो.

आता याच नोंदी कित्येक शाळांतून संगणकावरही ठेवल्या जातात. तेथे कागद खरवडलेला दिसत नाही. जुनी तारीख जाते, नवी येते, आणि ती पहिल्यापासून तशीच होती असे भासते. यास्तव संगणकातील दप्तराची किल्ली कोणती, ती कोठे असते आणि वस्तुतः कोठे असावयास हवी, हा प्रश्न केवळ संगणकतज्ज्ञांचा नाही. दप्तर ज्यांच्या स्वाधीन आहे त्या आपणा सर्वांचा आहे.

२. एक अनुभव

काही वर्षांपूर्वी एका शाळेत हा प्रश्न मी प्रथम प्रत्यक्ष पाहिला. मुख्याध्यापकांच्या खोलीतील संगणकावर सर्व नोंदी होत्या आणि तारेने जोडलेले आणखी तीन संगणक शेजारच्या वर्गात होते. एका होतकरू तरुणाने शाळेसाठी प्रोग्रॅम लिहून दिला होता व तो चारही संगणकांवर बसविलेला होता. सुरू करताना प्रत्येक शिक्षकाने आपले नाव व आपला परवलीचा शब्द द्यावा, म्हणजे ज्याला जेवढे पाहण्याचा अधिकार तेवढेच दिसे. व्यवस्था चोख आहे, असेच आम्हा सर्वांचे मत होते.

एके दिवशी सातवीतील एक मुलगा आपला निबंध शोधता शोधता चुकून त्याच प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये गेला. तेथील एक फाईल नोटपॅडमध्ये उघडली आणि तो म्हणाला, "गुरुजी, पासवर्ड तर इथंच लिहिलाय की!"

पाहतो तो खरेच. एका ओळीत सर्व्हरचे नाव, डेटाबेसचे नाव, वापरकर्त्याचे नाव व परवलीचा शब्द असे चारही तपशील साध्या अक्षरांत लिहिलेले होते. शब्द तरी कोणता? शाळेच्या गावाचे नाव आणि त्यापुढे एक, दोन, तीन. मुलाला रागावणे सोपे होते. परंतु त्याचा अपराध काय? त्याने कुलूप तोडले नव्हते. दारावर लटकणारी किल्ली मात्र आम्हाला दाखवून दिली होती.

३. जोडणीची ओळ म्हणजे काय?

येथे एक भेद स्पष्ट करून घेणे अगत्याचे आहे. प्रोग्रॅम सुरू करताना आपण जो शब्द देतो तो एक. आणि प्रोग्रॅम स्वतः डेटाबेसपाशी जाऊन जो शब्द सांगतो तो दुसरा. डेटाबेस म्हणजे नोंदींचे कोठार. त्याची राखण करणारा जो सर्व्हर असतो, तो आलेल्या प्रत्येकाला विचारतो, "तू कोण व खूण काय?" या प्रश्नाचे उत्तर प्रोग्रॅम ज्या ओळीने देतो तिला कनेक्शन स्ट्रिंग, म्हणजेच जोडणीची ओळ, असे म्हणतात.

आमच्या शाळेत शिक्षक दहा असले तरी त्यांच्या मागे डेटाबेसकडे जाणारी ओळ एकच होती. कोणी काय पाहावे, याचा विचार प्रोग्रॅमची खिडकी करीत असे. डेटाबेसला त्याची वार्ताही नव्हती. त्यामुळे ज्याच्या हाती ती ओळ आली, त्याला खिडकीकडे जाण्याचे कारणच उरले नाही. एक्सेलसारख्या नित्याच्या साधनातूनही तो डेटाबेसशी परस्पर जोडणी करू शकला असता. पुढच्या दाराशी पहारेकरी उभा, आणि मागच्या दाराची किल्ली खुंटीला टांगलेली, असा हा प्रकार झाला.

त्यातही त्या ओळीतील वापरकर्ता 'एस. ए.' हा होता. एस्‌क्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये हे सर्वाधिकारी खाते असते. त्याला नोंदी पाहता येतात, बदलता येतात, पुसता येतात. इतकेच नव्हे, तर कोणी काय बदलले याची टिपणेही नाहीशी करता येतात.

आम्ही दोन दिवस बसून संगणकातील प्रत्येक ओळ कागदी रजिस्टराशी ताडून पाहिली. सुदैवाने तफावत आढळली नाही. परंतु तफावत नाही, हे आम्हाला कळले ते कागदामुळे, संगणकामुळे नव्हे. कागदी वही नसती तर आम्ही कशाशी ताडून पाहिले असते?

४. लपविण्याचे तीन प्रयत्न

प्रोग्रॅम लिहिणाऱ्या तरुणास बोलाविले. तो प्रामाणिक होता व लगेच दुरुस्तीस लागला. त्याने जे उपाय योजले ते पुष्कळ ठिकाणी योजले जातात. म्हणून ते क्रमाने पाहू.

पहिला उपाय : ती ओळ फाईलमधून काढून प्रोग्रॅमच्या आतच लिहिणे. प्रोग्रॅम यंत्राला समजेल अशा रूपात गेला की त्यातील शब्द कोणास वाचता येणार नाही, अशी समजूत असते. ती चुकीची आहे. प्रोग्रॅमची फाईलच नोटपॅडमध्ये उघडली असता अनाकलनीय चिन्हांच्या गर्दीत तोच शब्द, प्रत्येक अक्षर सुटे सुटे, स्पष्ट दिसला. शिवाय डॉट नेटसारख्या पद्धतीने बनविलेले प्रोग्रॅम जवळजवळ मूळ स्वरूपात उलगडून दाखविणारी साधने कोणासही विनामूल्य मिळतात. आयएलस्पाय हे त्यांपैकी एक होय.

दुसरा उपाय : शब्द सांकेतिक करून ठेवणे. आता फाईलमध्ये अर्थहीन अक्षरे दिसू लागली. परंतु डेटाबेसला मूळ शब्दच सांगावा लागतो. म्हणजे प्रोग्रॅमला तो पुन्हा उकलावा लागतो, आणि उकलण्याची किल्ली प्रोग्रॅमपाशीच असावी लागते. तिजोरीला कुलूप लावून किल्ली तिजोरीवरच्या डबीत ठेवावी, तसे हे आहे. डबी आणखी एका डबीत ठेवली तर शोधणाऱ्याचा वेळ थोडा अधिक जाईल, इतकेच.

तिसरा उपाय पहिल्या दोहोंहून बरा आहे. विंडोज २००० पासून विंडोजमध्ये 'डेटा प्रोटेक्शन एपीआय' नावाची सोय आहे. तिच्या साहाय्याने गुप्त मजकूर त्या संगणकावरील विशिष्ट वापरकर्त्याच्या खात्याशी बांधून ठेवता येतो. ती फाईल कोणी पेनड्राइव्हवर उचलून नेली, तर दुसऱ्या खात्यावर ती उघडत नाही. हा लाभ खराच. परंतु त्याच खात्यावर चालणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅमने मागणी केली तर विंडोज तो मजकूर उकलून देते. म्हणजे बाहेरच्या चोरापासून रक्षण झाले. त्या खुर्चीवर बसणाऱ्यापासून झाले नाही. आणि आमच्या शाळेत चारही संगणक सर्वजण एकाच खात्यावर वापरीत होते!

या तिन्ही प्रयत्नांतून एकच गोष्ट निष्पन्न होते. जो प्रोग्रॅम आपण दुसऱ्याच्या हाती देतो, त्याच्या पोटात ठेवलेली गुप्त गोष्ट त्या दुसऱ्यापासून कायमची लपविता येत नाही.

५. जगातील दोन उदाहरणे

ही अडचण एखाद्या शाळेपुरती आहे असे समजू नये. मे २००२ मध्ये 'एस्‌क्यूएल स्पायडा' नावाचा एक उपद्रवी प्रोग्रॅम इंटरनेटवर फैलावला. ज्या एस्‌क्यूएल सर्व्हरवर 'एस. ए.' खात्याचा परवलीचा शब्द रिकामाच ठेवलेला होता, त्या यंत्रांत तो सरळ शिरे. त्या काळी इतर प्रोग्रॅमांबरोबर एस्‌क्यूएल सर्व्हरची छोटी आवृत्तीही संगणकावर बसे. त्यामुळे आपल्या यंत्रावर असा डेटाबेस आहे व त्याचे दार उघडे आहे, याची कित्येकांना कल्पनाच नव्हती.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. जर्मनीच्या सीमेन्स कंपनीचा 'विनसीसी' हा प्रोग्रॅम कारखान्यांतील यंत्रांवर देखरेख ठेवण्यासाठी विंडोजवर चालतो. त्याच्या डेटाबेसचा परवलीचा शब्द प्रोग्रॅममध्येच कायमचा लिहिलेला होता, आणि २००८ पासून तो इंटरनेटवर उघडही झालेला होता. जून २०१० मध्ये बेलारूसमधील एका संगणक-सुरक्षा कंपनीला 'स्टक्सनेट' या घातकी प्रोग्रॅमचा शोध लागला. इराणमधील नतान्झ येथील युरेनियम समृद्धीकरणाच्या यंत्रांना अपाय करण्यासाठी तो रचला होता, असे पुढील अभ्यासांतून दिसून आले. त्याच्या फैलावाचे मार्ग अनेक होते. त्यांपैकी एक असा, की हा ठाऊक झालेला शब्द सांगून तो विनसीसीच्या डेटाबेसमध्ये शिरे आणि तेथून आपली प्रत त्या यंत्रावर चालू करी.

यानंतर जे घडले ते विशेष मननीय आहे. शब्द उघड झाला, तर तो तत्काळ बदलावा, असे कोणीही म्हणेल. परंतु जुलै २०१० मध्ये कंपनीने आपल्या ग्राहकांना तो न बदलण्याचा सल्ला दिला; कारण प्रोग्रॅमचे भाग त्याच शब्दाने डेटाबेसशी बोलत असल्यामुळे तो बदलल्यास काम बंद पडण्याचा धोका होता. प्रोग्रॅममध्ये कोरलेल्या किल्लीचा खरा दोष हाच. ती चोरीस जाते एवढेच नव्हे, तर चोरीस गेल्यावर कुलूप बदलण्याचीही सोय उरत नाही. आमच्या त्या तरुणाने हाच प्रोग्रॅम अन्य शाळांनाही दिला होता आणि शब्दाची घडण सर्वत्र तीच, गावाचे नाव व तीन आकडे, अशी होती. एका शाळेतील मुलाला जे कळले ते सर्व शाळांचे कळल्यासारखेच होते.

६. मूळ तत्त्व

या बाबतीतील तत्त्व फार जुने आहे. मूळचे नेदरलँड्सचे व पॅरिसमध्ये जर्मन भाषा शिकविणारे ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्ये सैनिकी सांकेतिक लेखनावर निबंध लिहिला. गुप्त लेखनाची पद्धती शत्रूच्या हाती पडली तरी अडचण येऊ नये, असे त्यांनी त्यात प्रतिपादन केले. पद्धती सर्वांना ठाऊक आहे असेच धरून चालावे. गुप्त असावी ती केवळ किल्ली, आणि ती किल्ली सहज बदलता यावी. एका भाषाशिक्षकाने सांगितलेला हा नियम आजही संगणकशास्त्रात प्रमाण मानला जातो.

तो आपल्या प्रश्नास लावून पाहू. प्रोग्रॅम ही पद्धती आहे. ती सर्वांच्या हाती जाणारच. तेव्हा किल्ली तिच्यात असू नये. किल्ली अधिक चतुराईने कोठे लपवावी, असे विचारण्यापेक्षा ती प्रोग्रॅमला द्यावीच का लागते, असे विचारणे श्रेयस्कर.

७. योग्य मार्ग

(अ) ज्याची त्याला किल्ली. प्रत्येकाचे डेटाबेसमधील खाते निराळे असावे व परवलीचा शब्द त्याने स्वतः प्रत्येक वेळी द्यावा; तो कोठेही साठवू नये. एस्‌क्यूएल सर्व्हरसारख्या डेटाबेसमध्ये विंडोजच्या खात्यावरूनच ओळख पटविण्याची सोय आहे. तेथे जोडणीच्या ओळीत परवलीचा शब्द नसतोच; मग चोरावयाचे काय?

(आ) किल्ली बेताची. ज्याला केवळ हजेरी भरावयाची आहे त्याला हजेरीपुरताच अधिकार असावा. जन्मतारीख बदलण्याचा नसावा. हा निर्बंध प्रोग्रॅमच्या खिडकीत नव्हे, तर डेटाबेसमध्ये असला पाहिजे. कारण विंडोजच्या ओळखीने जोडणी केली, तरी तोच मनुष्य एक्सेलमधून त्याच अधिकाराने आत जाऊ शकतो. सर्वाधिकारी खाते प्रोग्रॅमच्या नित्याच्या कामासाठी कधीही वापरू नये.

(इ) मध्ये एक कारकून. मोठ्या कामासाठी सर्वांत उत्तम व्यवस्था अशी, की प्रोग्रॅमने डेटाबेसशी बोलूच नये. एका सुरक्षित सर्व्हरवर मध्यस्थ सेवा असावी. प्रोग्रॅमने तिला विनंती करावी, तिने मागणाऱ्याची ओळख व अधिकार पाहावेत आणि मग डेटाबेसमधून नोंद आणून द्यावी. रेकॉर्ड खोलीची किल्ली कारकुनापाशी असते. अर्जदार खिडकीशी उभा राहतो. येथे डेटाबेसचा शब्द एकाच ठिकाणी राहतो व तेथेच तो बदलता येतो. मात्र त्या ठिकाणाची राखणही तितक्याच दक्षतेने करावी लागते.

(ई) फाईलचाच डेटाबेस असेल तर. लहान प्रोग्रॅमांचा डेटाबेस पुष्कळदा एका फाईलमध्ये असतो. एस्‌क्यूलाइटच्या मूळ स्वरूपात परवलीच्या शब्दाची सोयच नाही. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसच्या जुन्या फाईलींवरील शब्द सहज शोधून काढता येतो. २००७ पासूनच्या नव्या स्वरूपात शब्द दिला असता मात्र फाईल खरोखर सांकेतिक होते. अशा ठिकाणी फाईलच कुलूपबंद ठेवावी. संगणकावर निरनिराळी खाती असावीत, विद्यार्थ्यांच्या खात्यास त्या फोल्डरमध्ये प्रवेश नसावा आणि फाईलच्या प्रतीही तशाच जपाव्यात.

आमच्या शाळेत शेवटी (अ) व (आ) हे मार्ग स्वीकारले. शिवाय प्रत्येक बदलाचे टिपण आपोआप राहील व ते शिक्षकांच्या खात्यास पुसता येणार नाही, अशी तजवीज केली. जुना शब्द उघड झाला असे धरून तो रद्द केला. इतर शाळांनाही त्या तरुणाने स्वतः जाऊन खरी हकीकत सांगितली व दुरुस्ती करून दिली. चूक कबूल करण्याचा त्याचा हा मोठेपणा नमूद केलाच पाहिजे.

८. शाळेने पाळावयाचे नियम

१. प्रोग्रॅम घेताना पुढील चार प्रश्न विचारावेत : डेटाबेसचा परवलीचा शब्द कोठे ठेवला आहे? तो प्रत्येक शाळेचा निराळा आहे काय? तो आम्हाला बदलता येईल काय? प्रोग्रॅम कोणत्या अधिकाराच्या खात्याने जोडला जातो? उत्तर "तो कोणाला सापडणार नाही" असे मिळाले, तर उत्तर मिळाले नाही असे समजावे.

२. एक्सेल किंवा ॲक्सेसमधून डेटाबेसशी जोडणी करताना परवलीचा शब्द साठवावा काय, असे विचारले जाते. साठविल्यास तो त्या फाईलमध्ये साध्या अक्षरांत राहतो व फाईलबरोबर गावोगाव जातो. यास्तव तो साठवू नये.

३. बदली झालेल्या वा काम सोडलेल्या व्यक्तीचे खाते त्याच दिवशी बंद करावे. कपाटाच्या किल्ल्यांचा जसा आपण पदभार देतो-घेतो, तसाच याही किल्ल्यांचा द्यावा-घ्यावा.

४. शब्द उघड झाल्याचा संशय आला तरी तो बदलावा. खात्री होण्याची वाट पाहू नये.

५. कागदी जनरल रजिस्टर नियमाप्रमाणे जपावे व संगणकातील नोंदी त्याच्याशी वेळोवेळी ताडून पाहाव्यात.

संसदेने २०२३ मध्ये संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या अधिनियमात, माहिती बाळगणाऱ्याने तिच्या रक्षणासाठी वाजवी उपाय योजावेत, असे कर्तव्य सांगितले आहे, आणि १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले आहे. आपल्या वर्गातील प्रत्येक मूल त्या व्याख्येत येते.

९. वर्गात घ्यावयाचा पाठ

इयत्ता सातवीस हा विषय एका तासात शिकविता येईल. एका पेटीस कुलूप लावून ती मेजावर ठेवावी. किल्ली प्रथम पेटीवरच ठेवावी. नंतर कागदात गुंडाळून पेटीखाली. नंतर डबीत घालून पेटीशेजारी. प्रत्येक वेळी मुलांस विचारावे : पेटी आता सुरक्षित झाली काय? अखेरीस किल्ली एका विद्यार्थ्याच्या खिशात द्यावी व त्याला वर्गाबाहेर उभे करावे. फरक काय झाला, हे मुले आपण होऊन सांगतील. सांगितलेल्या व्याख्येपेक्षा स्वतः काढलेला हा निष्कर्ष त्यांच्या अधिक लक्षात राहील. दुसऱ्याची उघडी किल्ली दिसली तर ती वापरू नये, मालकास सांगावे, हेही याच वेळी त्यांच्या मनावर बिंबवावे.

१०. उपसंहार

त्या सातवीतील मुलाचे नाव, जन्मतारीख व त्याच्या आईचे नाव त्याच डेटाबेसमध्ये होते. ज्या कोठाराचे उघडे दार त्याने आम्हाला दाखविले, त्यात त्याचीच ठेव होती. पालक आपले मूल आपल्या स्वाधीन करतात, तेव्हा त्या मुलाची नोंदही आपल्या स्वाधीन होते. ती जपण्यासाठी प्रत्येक शिक्षकाने प्रोग्रॅम लिहावयास शिकले पाहिजे असे नाही. परंतु किल्ली कोठे आहे, हे विचारावयास मात्र शिकले पाहिजे.

उजळणीचे प्रश्न

१. प्रोग्रॅममध्ये शिरताना दिलेला शब्द व जोडणीच्या ओळीतील शब्द यांतील भेद उदाहरणाने स्पष्ट करा.

२. शब्द सांकेतिक करून प्रोग्रॅमपाशीच ठेवल्याने तो पूर्णपणे सुरक्षित का होत नाही?

३. विनसीसीच्या उदाहरणावरून, किल्ली बदलता येणे का महत्त्वाचे आहे, ते सांगा.

४. आपल्या शाळेतील संगणकावर कोणकोणती खाती आहेत व कोणाला कोणता अधिकार आहे, याचा तक्ता करा.